तंजावरचे विद्युतयंत्र आणि मेंदूचा आलेख

वीज आणि मानवी देह यांचा संबंध वैद्यकाच्या इतिहासात दोन परस्परविरुद्ध दिशांनी जोडला गेला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढे शंभराहून अधिक वर्षे वैद्यांचा बहुतेक खटाटोप बाहेर निर्माण केलेली वीज देहात सोडून एखादा विकार बरा होतो काय, हे पाहण्याचा होता. मेंदू स्वतःच वीज निर्माण करतो, ती मोजता येते आणि तिच्या चढउतारांवरून विकाराचा माग काढता येतो, ही जाणीव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात आली, आणि ती रुग्णाच्या उपयोगी पडण्यास विसाव्या शतकाची तीन दशके उलटावी लागली. रुग्णालयात जिला ईईजी म्हणतात आणि परिभाषेत विद्युत् मस्तिष्कालेखन, म्हणजे मेंदूतील विजेच्या हालचालींची रेखाटणी, असे नाव आहे, ती चाचणी या दुसऱ्या दिशेची निष्पत्ती होय. असे असूनही चाचणीसाठी आलेल्या माणसाच्या मनात भीती असते ती पहिल्या दिशेची : डोक्याला तारा लावून करंट सोडतील, शॉक बसेल, मेंदू अधू होईल. ही भीती केवळ अडाणीपणातून आलेली आहे असे मानणे अन्यायाचे ठरेल, कारण विजेची डॉक्टरांच्या हातातील पहिली ओळख खरोखरच तशी होती. तंजावर येथील मराठी राजवाड्यात त्या पहिल्या ओळखीचे यंत्र दोनशे वर्षांपूर्वीच येऊन दाखल झाले होते, म्हणून या इतिहासाची मांडणी तेथून करणे सोयीचे आहे.

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात कावेरीच्या खोऱ्यात जे राज्य स्थापन केले, ते १८५५ पर्यंत टिकले. मात्र त्याच्या अखेरच्या अर्धशतकात राज्य म्हणण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेले सरफोजी (दुसरे) गादीवरील हक्काच्या दीर्घ वादानंतर १७९८ मध्ये सिंहासनावर बसले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने मुलखाचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला, लगतचा थोडा प्रदेश आणि ठरीव उत्पन्न. ज्याच्या हातून तलवार आणि महसूल दोन्ही गेले अशा राजाला विलासात बुडून जाणे सहज शक्य होते, आणि त्या काळी अनेक संस्थानिकांनी तोच मार्ग धरला. सरफोजींनी ग्रंथ, चित्रे, नाणी, वनस्पती, औषधे आणि यंत्रे यांचा संग्रह हाच आपला राज्यविस्तार मानला. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये कोरवलेला भोसले वंशाच्या इतिहासाचा विस्तृत मराठी शिलालेख आणि वाड्यातील छापखान्यातून १८०६ च्या सुमारास निघालेली देवनागरी मराठी पुस्तके ही याच वृत्तीची फळे होत. 

कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर मार्च १८२६ मध्ये तंजावरला आले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल रोजी, तिरुचिरापल्ली येथे मरण पावले. त्यांच्या या अखेरच्या प्रवासाच्या वृत्तांतात राजाच्या ग्रंथालयाचे बरेच तपशीलवार वर्णन आहे. खांबांच्या तीन रांगा असलेले दालन, एका बाजूस भोसले घराण्यातील पुरुषांची चित्रे, फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, ग्रीक व लॅटिन पुस्तकांची कपाटे, मराठी आणि संस्कृत हस्तलिखितांची वेगळी कपाटे असे सर्व सांगून झाल्यावर वृत्तांतकार शेजारच्या खोलीत शिरतो. तेथे हवा उपसणारा पंप, विद्युतयंत्र, हस्तिदंती सांगाडा, खगोलशास्त्राची उपकरणे आणि आणखी काही पुस्तकांची कपाटे असून, त्यांतील बरीच पुस्तके वैद्यकावरील आहेत, कारण काही वर्षे तो राजाचा आवडता अभ्यासविषय होता, अशी नोंद तो करतो. विद्युतयंत्र, सांगाडा आणि वैद्यकाची पुस्तके एकाच खोलीत असणे हा आजच्या वाचकाला योगायोग वाटेल. त्या काळच्या सुशिक्षित युरोपीय माणसाला मात्र ती मांडणी अगदी स्वाभाविक वाटली असती.

त्या काळचे विद्युतयंत्र म्हणजे घर्षणाने वीज निर्माण करणारे साधन होते. काचेचे नळकांडे किंवा तबकडी हातदांड्याने गरगर फिरवायची, तिच्यावर चामड्याची गादी घासत ठेवायची आणि घर्षणाने साचणारा विद्युतभार जवळच्या धातूच्या दांड्यावर गोळा करायचा, एवढीच त्याची रचना. हा भार साठवून ठेवण्यासाठी आतून-बाहेरून धातूचा पातळ पत्रा लावलेली काचेची बरणी वापरीत. हॉलंडमधील लायडन शहरावरून तिला लायडन बरणी हे नाव पडले आणि तिचा शोध १७४५-४६ च्या सुमाराचा आहे. रुग्णाला काचेचे पाय असलेल्या चौरंगावर बसवून, म्हणजे जमिनीपासून तोडून, त्याच्या अंगात भार साठवीत आणि मग आजारी अवयवाजवळ धातूची गोळी नेऊन त्यातून ठिणग्या काढीत, किंवा बरणीतील साठा एकदम अंगातून सोडून धक्का देत. पक्षाघात, संधिवात, बहिरेपणा, दातदुखी आणि फेफरे यांवर हा उपाय सांगितला जाई. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात असे यंत्र १७६७ मध्ये बसवले गेले आणि १७९३ मध्ये तर त्या शहरात केवळ विजेने उपचार करणारा स्वतंत्र दवाखाना निघाला.

या उपचारपद्धतीचा एक उगम तंजावरशी दूरान्वयाने जोडलेला आहे. जर्मनीतील हाले येथे १७४४ च्या सुमारास क्रात्सेनश्टाइन या तरुण विद्वानाने विजेचा वैद्यकात उपयोग यावर निबंध लिहिला आणि एका स्त्रीचे आखडलेले बोट विजेने मोकळे झाल्याचे सांगितले. विजेच्या उपचारांवरील अगदी आरंभीच्या लेखनात त्याची गणना होते. तंजावरपासून पूर्वेस समुद्रकाठी असलेल्या तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनला माणसे पुरवणारे केंद्रही हालेच होते, आणि पुढे सरफोजींचे पालक व गुरू झालेले ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ याच हालेत शिकून १७५० मध्ये तरंगंबाडीस उतरले. धर्मप्रसाराबरोबर वनस्पतींचे नमुने, शिंपले, हवामानाच्या नोंदी, औषधे आणि उपकरणे यांची देवघेव करणे ही हालेच्या मिशनऱ्यांची जुनी रीत होती. सरफोजींना निसर्गविज्ञानाची गोडी लागली ती या परंपरेच्या सहवासात.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हवा घर्षणयंत्राला मुळीच मानवणारी नव्हती. हवेत बाष्प जास्त असले की काचेवर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो आणि साचलेला भार त्यावाटे निसटून जातो. म्हणून युरोपातही ही यंत्रे वापरण्यापूर्वी शेकून कोरडी करीत असत. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या महिन्यांत तंजावरच्या वाड्यात अशा यंत्रातून एक ठिणगी काढणे हेही कौशल्याचे काम झाले असणार. दमट हवेचा हा अडसर पुढे दीडशे वर्षांनी आलेल्या उलट जातीच्या यंत्रालाही वेगळ्या रीतीने भोवला, तो विषय योग्य ठिकाणी येईल.

सरफोजींचे वैद्यक हे राजाच्या हौसेपुरते मर्यादित नव्हते. धन्वंतरी महाल या नावाने त्यांनी औषधशाळा आणि उपचारांची व्यवस्था उभी केली, तेथे देशी आणि युरोपीय अशा दोन्ही पद्धतींचे वैद्य काम करीत, आणि अनुभवाला उतरलेले योग ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाच्या तमिळ पद्यग्रंथमालेत नोंदवले गेले. यात्रेकरूंसाठी बांधलेल्या छत्रांतून, म्हणजे अन्न व निवारा देणाऱ्या धर्मशाळांतून, वेद शिकवणारे गुरुजी, शाळामास्तर आणि सूज, विषबाधा व इतर आजार हाताळणारा वैद्य असावा, ही व्यवस्था त्यांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहून कळवली होती. डोळ्यांच्या रुग्णांच्या हस्तलिखित नोंदी मात्र या सर्वांहून लक्षणीय आहेत. त्यांत रुग्णाची तक्रार, डोळ्याची रंगीत चित्रे आणि केलेले उपचार क्रमाने दिलेले असून, या नोंदी आज सरस्वती महाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच राजग्रंथालयाच्या मोलाच्या ठेव्यांपैकी एक मानल्या जातात. एकाच रुग्णाच्या अवयवाचे चित्र काढून ठेवायचे आणि त्यावरून रोगाची वाटचाल पाहायची, ही कल्पना त्या काळी युरोपातही सर्वत्र रुळलेली नव्हती.

डोळ्याचे चित्र काढता येत होते, कारण डोळा दिसतो. मेंदू दिसत नव्हता, आणि म्हणून त्याच्याविषयी जे काही सांगायचे ते डोक्याच्या बाहेरून अनुमानाने सांगावे लागे. याच ग्रंथालयाच्या संग्रहालयात फ्रेंच राजचित्रकार शार्ल ल ब्रून याच्या रेखाचित्रांचे छापील तक्ते लावलेले असून, त्यांत माणसांचे चेहरे आणि बैल, घुबड, गरुड, उंट यांसारख्या प्राणिमात्रांची तोंडे शेजारी शेजारी ठेवून स्वभावसाम्य सुचवले आहे. तक्ते पाहताना हसू येते, पण त्यामागे सतराव्या शतकातील एक गंभीर सिद्धान्त होता. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मतानुसार आत्म्याचे आसन मेंदूच्या मधोमध असलेल्या एका छोट्या ग्रंथीत असून, तेथील खळबळ तिच्या सर्वांत जवळच्या भागावर, म्हणजे चेहऱ्यावर आणि विशेषतः भुवयांवर उमटते, असे ल ब्रून शिकवीत असे. मेंदूत काय चालले आहे ते कवटी न उघडता बाहेरून वाचावे, ही आकांक्षा त्यात स्पष्ट दिसते. ती पुरी करण्याचे साधन तेवढे चुकीचे होते.

ज्या आजारासाठी आज मेंदूचा आलेख सर्वांत जास्त वेळा काढला जातो, तो अपस्मार, मराठीत ज्याला फेफरे, आकडी किंवा मिरगी म्हणतात आणि तमिळमध्ये वलिप्पु, तो मात्र या प्रदेशाला फार जुन्या काळापासून परिचित होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दहावा अध्याय अपस्मारावर असून, त्यात वात, पित्त, कफ आणि तिन्ही दोष एकत्र अशा कारणांनी त्याचे चार प्रकार केलेले आहेत. तंजावरच्या परिसरातील चोळकालीन कांस्यशिल्पांत नटराजाच्या पायाखाली जो बुटका दडपलेला दिसतो, त्याला संस्कृत परंपरा अपस्मार म्हणते आणि तमिळ परंपरा मुयलगन. शैव संतचरित्रांत तर मुयलगन हे प्रत्यक्ष रोगाचेच नाव असून, तिरुज्ञानसंबंधर यांनी तिरुचिरापल्लीजवळच्या एका देवस्थानी एका सरदाराच्या कन्येची त्यातून सुटका केल्याची कथा येते. त्याच जिल्ह्यातील गुणशीलम येथे मनोविकारांनी पीडित माणसांना ४८ दिवस देवाच्या सान्निध्यात ठेवण्याची प्रथा अजून चालू आहे. महाराष्ट्रात झटका आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवतात, तमिळनाडूत हातात किल्ल्या किंवा लोखंड देतात. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबत असल्यामुळे या दोन्ही उपायांना गुण आल्याचे श्रेय मिळत राहिले.

विजेकडे पाहण्याची दिशा बदलण्यास सुरुवात झाली ती सरफोजींच्याच आयुष्यात, पण तंजावरपासून फार दूर. इटलीतील लुइजी गाल्वानी यांनी १७९१ मध्ये बेडकाच्या पायांवरील प्रयोग प्रसिद्ध करून प्राण्याच्या देहातच वीज असल्याचे प्रतिपादन केले, आणि त्याला उत्तर देताना व्होल्टा यांनी १८०० मध्ये पहिली विद्युतघटमाला सिद्ध केली. दोघांपैकी व्होल्टांची सरशी झाली असे त्या वेळी मानले गेले आणि त्यामुळे गाल्वानींच्या म्हणण्यातील सत्यांशाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. स्नायू आणि मज्जातंतूंतील सूक्ष्म प्रवाह १८४० च्या दशकात बर्लिनमध्ये मोजले गेले. त्यानंतर लिव्हरपूलचे वैद्य रिचर्ड केटन यांनी सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर तारा टेकवून त्यांत सतत बदलणारे क्षीण प्रवाह पाहिले आणि ऑगस्ट १८७५ मध्ये एडिंबरो येथील वैद्यकीय परिषदेत ते सांगितले. त्यांच्या मोजयंत्रातील इवल्याशा आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका भिंतीवर सरकत असे, आणि त्या सरकण्यावरून प्रवाहाचे माप कळे. कागदावर उमटलेली रेघ अजून यायची होती. परिषदेत या निवेदनाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

माणसाच्या मेंदूतील वीज कवटीवरून नोंदवण्याचे काम जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी केले. तरुणपणी सैन्यात घोड्यावरून पडून ते मरता मरता वाचले होते आणि त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला त्यांच्याविषयी अकारण धास्ती वाटून तिने तार करवली होती. मनाची शक्ती अंतर ओलांडून जाते काय, या प्रश्नाने त्यांना जे पछाडले ते त्यामुळे. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना कधीच मिळाले नाही, परंतु त्याचा पाठलाग करता करता त्यांनी ६ जुलै १९२४ रोजी, शस्त्रक्रियेमुळे कवटीचा काही भाग काढलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून विजेची पहिली नोंद घेतली. ही आपली चूक तर नव्हे, या शंकेने त्यांनी पाच वर्षे ती प्रसिद्ध केली नाही. या काळात स्वतःच्या मुलासह अनेकांवर त्यांनी पुन्हा पुन्हा नोंदी घेतल्या आणि १९२९ मध्ये पहिला निबंध छापला. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागील भागातून सेकंदाला सुमारे दहा वेळा उठणाऱ्या लहरींना त्यांनी ग्रीक मुळाक्षरावरून अल्फा हे नाव दिले, आणि डोळे उघडताच त्या मावळतात हेही दाखवले. केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये तोच प्रयोग करून दाखवेपर्यंत त्यांच्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते.

पुढची प्रगती झपाट्याने झाली. अमेरिकेत बॉस्टन येथे गिब्स, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी १९३५ मध्ये दाखवले की, मुलांमध्ये काही क्षण भान हरपण्याचे जे झटके येतात त्या वेळी आलेखात सेकंदाला तीन या गतीने टोकदार शिखर आणि पाठोपाठ संथ लाट अशी जोडी उमटते. पंतोजींनी निष्काळजीपणा समजून ज्यासाठी छड्या मारल्या असतील तो आजार कागदावर दिसू लागला. कॅनडात मॉन्ट्रियल येथे हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये डोक्यावर तारा लावण्याच्या जागा निश्चित करणारी पद्धत मांडली, जिला दहा-वीस पद्धती म्हणतात, कारण डोक्याच्या एकूण मापाच्या दहा आणि वीस टक्के अंतरांवर त्या जागा ठरतात. लहान मुलाचे डोके असो की पैलवानाचे, तारांची जागा मेंदूच्या त्याच भागावर यावी, हा त्यामागील हेतू.

मॉन्ट्रियलच्याच मेंदूविज्ञान संस्थेत मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांच्या हाताखाली शिकलेले जेकब चंडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला, बी. राममूर्ती यांनी १९५० मध्ये मद्रासच्या सरकारी रुग्णालयात तेच काम हाती घेतले, आणि या दोघांनी बलदेव सिंग व एस. टी. नरसिंहन यांच्यासह १९५१ मध्ये मद्रास येथे न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. भारतातील मेंदूविज्ञानाची पायाभरणी अशा प्रकारे तमिळ प्रदेशातच झाली, आणि ती तंजावरपासून एका रात्रीच्या आगगाडीच्या अंतरावर. या पिढीचे कुतूहल केवळ रोगापुरते नव्हते : दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्यानस्थ योग्यांच्या आलेखात अल्फा लहरी टिकून राहतात आणि बाहेरच्या आवाजाने किंवा स्पर्शाने खंडित होत नाहीत, असे दिसले. बर्गर यांना हा निष्कर्ष वाचायला मिळाला असता तर आनंद झाला असता. ते १९४१ मध्येच निवर्तले होते. तंजावरमध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले आणि शहरातील जुने राजा मिरासदार रुग्णालय त्याला जोडले गेले. मद्रास किंवा वेल्लोर गाठल्याशिवाय मोठ्या वैद्यकाची वाट नसलेल्या कावेरीकाठच्या कुटुंबांना त्यानंतर टप्प्याटप्प्याने विशेषज्ञ जवळ मिळू लागले.

चाचणीची पद्धत जॅस्पर यांच्या काळापासून तत्त्वतः फारशी बदललेली नाही. आदल्या दिवशी केस साबणाने किंवा शाम्पूने स्वच्छ धुऊन यावे आणि तेल लावू नये, ही पहिली सूचना. मराठी घरांत आणि तमिळ घरांतही तेलाशिवाय केस म्हणजे अशुभाची किंवा दुखवट्याची खूण समजली जाते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांकडून ही सूचना हमखास मोडली जाते. पण तेलाचा थर वीज वाहू देत नाही आणि तारा चिकटतही नाहीत, एवढे साधे कारण त्यामागे आहे. येथे एक वेगळी गोष्ट सांगणे अस्थानी होणार नाही. दक्षिण भारतात डोक्यावरून कढत पाणी घेताना झटका येण्याचा एक प्रकार विशेष आढळतो व बेंगळूरच्या तज्ज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. अशा रुग्णाला चाचणीपूर्वी केस धुण्यास सांगताना पाणी कोमट असावे, हेही बजावावे लागते. उपाशीपोटी येण्याची गरज नसते, उलट उपास टाळावा असेच सांगतात, कारण रक्तातील साखर उतरली तर लहरी मंदावतात. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थांबवायच्या नसतात. मात्र रात्री कमी झोपण्यास किंवा पहाटे लवकर उठण्यास पुष्कळदा सांगितले जाते, कारण जागरणानंतरच्या झोपेत आणि झोपेच्या उंबरठ्यावर दोष अधिक उघड होतात.

खोलीत आल्यावर तंत्रज्ञ फितीने नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागील उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत माप घेतो, रंगीत पेन्सिलीने खुणा करतो, त्या जागची त्वचा खरखरीत मलमाने घासतो आणि घट्ट लेपाच्या साहाय्याने धातूच्या छोट्या वाट्या तेथे बसवतो. वीसेक वाट्या बसवण्यातच बराच वेळ जातो, आणि अंगाला काही बोचलेच तर ते या घासण्याचे तेवढे. त्यानंतर रुग्णाने पडून राहायचे. डोळे उघडा, मिटा, पुन्हा उघडा, असे सांगितले जाते तेव्हा बर्गर यांच्या अल्फा लहरी जातात आणि येतात. तीन मिनिटे भराभर दीर्घ श्वास घेण्यास लावतात. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके वाटते, आणि ज्या मुलांना भान हरपण्याचे झटके येतात त्यांच्यात नेमकी ती तीनच्या गतीची जोडी उमटते. मिटलेल्या डोळ्यांसमोर दिवा वेगवेगळ्या वेगाने लुकलुकवतात. शेवटी जमल्यास झोप. लहान मुलांना त्यासाठी गुंगीचे सरबत द्यावे लागते. अर्ध्या-पाऊण तासात सर्व आटोपते. या प्रयत्नांतून क्वचित प्रत्यक्ष झटका येऊ शकतो, आणि म्हणूनच त्याची तयारी खोलीत ठेवलेली असते व सोबत घरचे माणूस असावे लागते.

टिपली जाणारी वीज किती क्षीण असते याची कल्पना एका हिशेबाने येईल. टाळूवर मिळणारा विद्युतदाब साधारणतः ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागाच्या पन्नासपट, धरला तर घड्याळातील दीड व्होल्टचा सेल त्याच्या तीस हजार पट असतो. इतक्या मंद संकेतावर पापणीची हालचाल, आवंढा, दात चावणे, खोलीतील दिव्यांची सेकंदाला पन्नास वेळा पालटणारी वीज, असे काहीही मात करते. तंजावरच्या हवेचा उल्लेख आधी आला तो याच संदर्भात पुन्हा करावा लागतो : घामातील क्षारांमुळे वाट्यांखालचा दाब सावकाश हेलकावत राहतो आणि त्या लाटा अननुभवी डोळ्याला मेंदूच्या मंद लहरी वाटू शकतात. चाचणीची खोली थंड ठेवतात ती यामुळे, यंत्राच्या किंवा रुग्णाच्या चैनीसाठी नव्हे. जुन्या यंत्रांत शाईच्या लेखण्या सेकंदाला ३० मिलिमीटर सरकणाऱ्या कागदावर रेघा ओढीत, त्यामुळे वीस मिनिटांच्या नोंदीला ३६ मीटर कागद लागे व एकेका रुग्णाचा गठ्ठा कपाटात मावत नसे. आता संगणकाने हा भार हलका केला आहे, पण वाचणाऱ्या डॉक्टरला तेवढीच पाने नजरेखालून घालावी लागतात.

या संपूर्ण काळात यंत्राकडून डोक्यात काहीही सोडले जात नाही. तरीही ‘शॉक’चा प्रश्न टळत नाही याला सरफोजींच्या काळातील ठिणग्यांपेक्षा जवळचे एक कारण आहे. चेर्लेत्ती आणि बिनी यांनी रोम येथे १९३८ मध्ये डोक्यावरून विजेचा प्रवाह सोडून कृत्रिम झटका आणण्याची, मनोविकारांवरील उपचाराची पद्धत सुरू केली; ती भारतात लवकरच आली, मनोरुग्णालयांत भूल न देताही वापरली गेली, आणि चित्रपटांनी तिला छळाचे रूप दिले. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता ती देण्यावर बंदी आली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने. ज्या काळात ईईजी जिल्ह्याच्या गावी पोचली त्याच काळात हेही उपचार तेथे चालू होते, दोन्हींत पलंग, डोके आणि तारा होत्या, आणि ईईजी व ईसीटी ही दोन्ही नावे तीन इंग्रजी अक्षरांची. घोटाळा झाला नसता तरच नवल. तो दूर करण्यास वाट्या लावण्यापूर्वी तंत्रज्ञाने दोन मिनिटे बोलणे पुरते, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी तीच दोन मिनिटे वगळली जातात.

अहवालाविषयीची अपेक्षा हा गैरसमजाचा दुसरा प्रांत. आलेखात विचार दिसत नाहीत, बुद्धी मोजता येत नाही, खोटे बोलणे कळत नाही. अपस्मार असलेल्या पुष्कळ माणसांची पहिली नोंद निर्दोष येते, कारण दोन झटक्यांच्या मधल्या काळात मेंदू शांत असू शकतो आणि खोलवरच्या भागातील खळबळ टाळूपर्यंत पोचतही नाही. कढत पाण्याने येणाऱ्या झटक्यांत तर मधल्या काळातील आलेख बहुधा निर्दोषच असतो. उलट, कधीही झटका न आलेल्या थोड्या लोकांच्या आलेखात संशयास्पद शिखरे दिसतात आणि त्यांना उपचारांची गरज नसते. म्हणून मज्जाविकारतज्ज्ञ आलेखापूर्वी आणि आलेखानंतरही घरच्यांना विचारतो की झटका कोणत्या बाजूने सुरू झाला, मान कोठे वळली, किती वेळ टिकला, शुद्ध केव्हा आली. आणि अलीकडे तो मोबाइलवर घेतलेले झटक्याचे चित्रण आवर्जून मागतो, कारण आलेख निर्दोष असतानाही निदान पुष्कळदा त्यावरून होते.